हळू पळण्याची शिकवणी

“हळू! अगं बाई, हळू म्हणजे हळू!”

मी शाळेच्या मागच्या कठड्यावर बसून ओरडत होते, आणि अनसूया बोंगाळे माझ्यासमोरून दावं तुटलेल्या वासरासारखी निघून गेली. चिंचेपाशी थांबली, वळली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “हळूच तर पळालो की.”

“ह्याला हळू म्हणतात?”

“मग काय करू? पाय आपलेआपण उचलत्यात.”

आमच्या वारणाकाठच्या गावात पोरीसुद्धा ‘आलो, गेलो, पळालो’ असंच म्हणायच्या. नव्या हेडबाई, कर्णिकबाई, पुण्याहून आलेल्या. त्यांनी आमचं बोलणं सुधारायचा विडा उचलला होता. तो जमेना, तेव्हा त्यांनी दुसरा उचलला. त्या दुसऱ्या विड्यापायी मी, पद्मावती मगदूम, नववी ब, वजन बासष्ट किलो, आख्ख्या कन्याशाळेत सगळ्यांत मागं राहणारी मुलगी, तालुक्यातल्या सगळ्यांत जोरात पळणाऱ्या मुलीला हळू पळायला शिकवत होते.

आणि खरं सांगायचं तर ह्या सगळ्याचं मूळ मीच होते.

आदल्या वर्षी शाळेच्या क्रीडादिनाला शंभर मीटरच्या शर्यतीत मी नेहमीप्रमाणं शेवटी आले. मी पोचले तेव्हा शिपाई फीत गुंडाळून घरी निघाला होता. त्याचं मला काही नव्हतं. पाचवीपासून ती जागा माझी होती आणि तिच्यासाठी माझ्याशी कुणी भांडत नव्हतं. पण नेमकी त्याच वेळी माझ्या मानेवर गांधीलमाशी चावली. मी मटकन खाली बसले आणि मोठ्यानं गळा काढला. कर्णिकबाई नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्या धावत आल्या, मला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, “रडू नकोस बाळ. पुन्हा असं होणार नाही, मी शब्द देते.”

मला वाटलं, बाई गांधीलमाश्यांचा बंदोबस्त करणार.

बाईंनी शर्यतीचाच बंदोबस्त केला. पुढच्या डिसेंबरात प्रार्थनेनंतर त्यांनी जाहीर केलं, “ह्या वर्षी आपल्या शाळेत कुणी पहिलं येणार नाही, आणि कुणी शेवटचंही येणार नाही.”

एवढं बोलून त्या थांबल्या, म्हणून पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

योजना अशी होती. आधी प्रत्येक मुलीला शंभर मीटर पळवायचं आणि तिचा वेळ लिहून घ्यायचा. मग त्या हिशेबानं तिची सुरुवातीची रेघ ठरवायची. जोरात पळणारीची रेघ लांब, हळू पळणारीची जवळ. घंटा झाली की बरोब्बर तीस सेकंदांत सगळ्या एकदम फितीपाशी पोचणार. सगळ्यांना एकसारखी स्टीलची वाटी.

आमचे खेळाचे मास्तर लठ्ठेसर. आडनाव लठ्ठे, अंगानं काठी. त्यांनी विचारलं, “बाई, मग ती शर्यत कशाची?”

“एकोप्याची,” बाई म्हणाल्या.

सरांनी चिंचेमागं जाऊन तंबाखूची चंची सोडली.

बाकीच्या पोरींना काही फरक पडत नव्हता. वाटी ती वाटी. पण अनसूयाचं तसं नव्हतं. जिल्ह्याच्या शर्यतीत ती अनवाणी पळून तिसरी आली होती. तिथं क्रीडा वसतिगृहाचे मुल्लासर होते. त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “तुमच्या शाळेच्या शर्यतीला मी स्वतः येतो. घरच्या मैदानावर पहिली येऊन दाखव, मग बघू.” हे तिनं दोघांनाच सांगितलं होतं, मला आणि तिच्या वडलांना. वडील गणपा शिंपी. दिवसभर मशीनवर बसून त्यांचे गुडघे धरलेले, भिंतीचा आधार घेतल्याशिवाय उठता यायचं नाही. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी पळालेलं नव्हतं. अनसूयाकडं बघून ते म्हणायचे, “हे काय माझ्या मापाचं न्हाई.” पण म्हणताना मिशीत हसायचे.

तेव्हा युक्ती मीच काढली. चाचणीत अनसूयानं हळू पळायचं. मग तिची रेघ जवळ येईल. क्रीडादिनाला खरं पळायचं की झालं, मुल्लासरांसमोर फीत तिचीच.

“हळू कसं पळत्यात पण?” तिनं विचारलं होतं.

ह्या विषयात माझ्याएवढं जाणकार गावात कुणी नव्हतं. मी म्हणाले, “आधी एक पाऊल टाकायचं. मग दुसरं टाकायची खरंच गरज हाय का, ह्याचा इच्यार करायचा.”

“आणि?”

“मन कशात तरी गुंतवायचं. मी बाकीच्यांच्या चपला बघत जातो. कुणाचा अंगठा तुटलाय, कुणी नवी घेतलीय.”

तिनं पुन्हा पळून बघितलं. दहा पावलं ठीक गेली आणि मग वासरू सुटलं. परत येऊन खाली मान घालून म्हणाली, “चपला दिसल्याच न्हाईत.”

आठवडाभर शिकवणी चालली. शेवटी शेवटी ती चाळीस पावलं नीट रेंगाळायला लागली. मला तिचा अभिमान वाटला.

चूक एवढीच झाली की ही युक्ती मी शैला चौगुलेला सांगितली. शपथ घालून सांगितली. पण शपथ घातलेली गोष्ट आमच्या शाळेत मधल्या सुट्टीपर्यंतच टिकायची.

चाचणीच्या दिवशी लठ्ठेसर हातात घड्याळ घेऊन उभे राहिले आणि अनसूया सोडून आमच्या गटातल्या दहाच्या दहा पोरी अशा काही निघाल्या, की प्रेतयात्रासुद्धा आम्हाला ओलांडून गेली असती. एकीनं वाटेत तीनदा रिबीन बांधली. दोघी हातात हात घालून गप्पा मारत आल्या. शैला लंगडत निघाली आणि मध्येच पाय बदलून दुसऱ्या पायानं लंगडायला लागली.

“अगं, हळदीकुंकवाला निघालाय काय?” सर ओरडले.

मी तर त्या दिवशी कमालच केली. अर्ध्यात खाली बसले, पायात नसलेला काटा काढला, तो नीट बघितला, बाजूला टाकला आणि मग उठले. पंचाहत्तर सेकंद! पोरींनी मला टाळ्या दिल्या.

शेवटची पाळी अनसूयाची. ती निघाली ती अगदी मी शिकवल्याप्रमाणं. नजर जमिनीवर, एक पाऊल, विचार, दुसरं पाऊल. मी मनातल्या मनात म्हटलं, जमलं! तेवढ्यात उसाच्या गुऱ्हाळावरचं एक पिवळं कुत्रं कुठनंसं आलं आणि तिच्या शेजारनं पळायला लागलं. तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं. कुत्रं चार हात पुढं गेलं. झालं.

पंधरा सेकंद. कुत्रं मागं राहिलं.

ती माझ्याकडं आली तेव्हा तिचा चेहरा रडवेला झाला होता. “पद्मे, कुत्रं पुढं गेलं गं.”

“पुढं गेलं तर जाऊ द्यायचं!”

“तुला जमतं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सर फक्की आणि टेप घेऊन रेघा मारायला लागले. बाई हातात वही घेऊन आकडे सांगत होत्या. बहुतेक पोरींच्या रेघा फितीपासून पन्नास-पंचावन्न मीटरवर पडल्या. माझी चाळीसवर. अनसूयाचा आकडा आला दोनशे. सर टेप घेऊन मागं मागं चालत गेले आणि फाटकापाशी थांबले.

“बाई, मैदान संपलं.”

“मग?”

“पोरगी संपली न्हाई अजून.”

बाईंनी चष्मा सारखा केला. “सर, नियम सगळ्यांना सारखा.”

सर फाटकाबाहेर गेले. फाटकासमोरचा रस्ता सरळ एसटी स्टँडकडं जायचा. त्या डांबरी रस्त्यावर, सायकलच्या दुकानासमोर, त्यांनी अनसूयाची रेघ मारली. दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. अनसूया रेघेजवळ जाऊन उभी राहिली आणि तिनं मैदानाकडं बघितलं. तिथून फीत दिसतच नव्हती.

आता मला राहवेना. मी तडक ऑफिसात गेले.

“बाई, मला गेल्या वर्षी गांधीलमाशी चावली होती.”

“काय?”

“मी शेवटी आले म्हणून रडलेच नव्हते बाई. इथं, मानेवर चावली होती.”

बाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले. “पद्मावती, दुसऱ्याचं मन राखायला स्वतःचं दुःख असं लपवावं लागतं, नाही का? जा बाळ. मला सगळं समजतं.”

बाई फार चांगल्या होत्या. तीच तर अडचण होती.

मग मी बाकीच्या नऊ जणींना चिंचेखाली गोळा केलं. म्हटलं, “आपण चाचणीत जशा पळालो तशाच उद्या पळायचं. एक पाऊल जास्ती टाकायचं न्हाई, आणि फितीपाशी अनशीला पुढं सोडायचं. वाटी सगळ्यांना मिळणारच हाय. पण आपल्या नाटकापायी अनशी रस्त्यावर एकटी पडलीय.”

शैलानंच पहिला हात पुढं केला. मग सगळ्यांचे हात एकावर एक पडले. सगळ्यांत वर माझा. मी फाटकाकडं जाऊन अनसूयाला सांगितलं, “तू नुसतं नेहमीसारखं पळ. बाकीचं माझ्यावर सोड. माझा शब्द हाय.”

क्रीडादिनाला आख्खं गाव लोटलं. आया-बाया पदर सावरत पुढच्या सतरंजीवर बसल्या. माझे वडील पिठाची गिरणी बंद करून आले होते, भुवयांवर पीठ तसंच. खुर्च्यांच्या रांगेत एक खुर्ची मोकळी होती, तिच्यापुढं ताटात हार. मुल्लासरांची एसटी अजून आलेली नव्हती. बाईंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, “वेळ सगळ्यांना सारखी. सुरू करा.”

आम्ही दहा जणी आपापल्या रेघांवर उभ्या राहिलो. माझ्यापुढं चाळीस मीटर, फीत आणि आभाळ. अनसूया कुठं दिसत नव्हती. बाहेर रस्त्यावर तिचे वडील रहदारी अडवायला उभे होते, हातात ब्लाऊजपीसचं लाल कापड घेऊन.

शिपायानं घंटा दिली.

आम्ही निघालो, चाचणीसारख्याच. शैला लंगडत, रिबीनवाली रिबीन सोडत. मी एक पाऊल टाकलं, विचार केला, दुसरं टाकलं. सतरंजीवर कुणीतरी खुदकन हसलं. आणि मग शैलाची आई उभी राहिली.

“शैले! पाय मोडल्यात काय गं तुजं?”

शैलानं आईकडं बघितलं. आमच्याकडं बघितलं. आणि पळत सुटली. तिला बघून रिबीनवाली सुटली. मग कोण कुणाचं ऐकतंय!

मी ठरवलं होतं, आपण शब्द मोडायचा नाही. मी तशीच चालत होते. तेवढ्यात मागून पावलांचा आवाज आला. धप धप धप धप. मी आयुष्यात कधी मागून पावलं ऐकली नव्हती. पावलं नेहमी माझ्यापुढं असायची, लांब लांब जाणारी. मी समोर बघितलं. समोर कुणी नव्हतं. एकसुद्धा पाठ नाही, एकसुद्धा चप्पल नाही. फक्त फीत होती, आणि ती ताणलेली होती. ताणलेली फीत मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

मी पळाले.

कशी पळाले ते मला सांगता यायचं नाही. कानात वारं भरलं, पोट वरखाली हिंदकळलं, आणि फीत छातीला लागून तुटली तेव्हा अंगभर गुदगुल्या झाल्या. शैला माझ्यामागं दोन हातांवर होती. मी दोन्ही हात वर केले. उड्या मारल्या. वडील “पद्मी! आमची पद्मी!” असं ओरडत पीठ उडवत नाचत होते. त्या वेळी अनसूया नावाची मुलगी जगात आहे हे मला आठवतसुद्धा नव्हतं. चाळीस वर्षं झाली. ह्या गोष्टीची मी कधी सारवासारव केलेली नाही.

मग आरडाओरडा एकदम खाली बसला. सगळे फाटकाकडं बघत होते.

अनसूया आत आली होती. आम्ही सगळ्या पोचून फितीचे तुकडे वाटून घेत होतो आणि मोकळ्या मैदानावर ती एकटी पळत होती. कुणीच उरलेलं नसताना, जणू सगळ्या अजून पुढंच आहेत अशी पळत होती. तिची वेणी मागं आडवी झाली होती. ती आली, थांबली. माझ्या गळ्यात फितीचा तुकडा होता, तो तिनं बघितला.

“पद्मे, तू पळालीस?”

ती वाटी न घेता, मान न वळवता, आलेल्या वाटेनं फाटकाबाहेर निघून गेली.

कर्णिकबाई वहीतले आकडे पुन्हा पुन्हा बघत होत्या. शेवटी त्यांनी माईक घेतला. “पालकहो, आज एक चमत्कार घडला आहे! चाचणीच्या मानानं आमच्या मुली आज दुप्पट, तिप्पट वेगानं धावल्या. भेदभाव दूर झाला की माणूस कसा फुलतो, ते आपण डोळ्यांनी पाहिलंत!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लठ्ठेसरांना ठसका लागला.

त्याच वेळी फाटकातून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ खांद्याला पिशवी अडकवून आत आले. त्यांच्या दोन्ही हातांना काळं ग्रीस लागलं होतं. बाई लगबगीनं हार घेऊन पुढं झाल्या, पण त्यांनी हार बाजूला केला.

“ती रस्त्यावरनं पळाली ती कोण?”

“ती होय?” बाई म्हणाल्या. “ती बिचारी शेवटी आली. आमच्या हिशेबात काहीतरी चूक झाली. पण पहिली आलेली मुलगी ही इथं आहे, पद्मावती.”

मुल्लासरांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग प्रेमानं म्हणाले, “शाब्बास, बेटा.” आणि पुन्हा बाईंकडं वळले. “एक शिंपी लाल कापड घेऊन आमच्या गाडीला आडवा आला. म्हणाला, माझी पोरगी पळंपर्यंत गाडी हलायची न्हाई. म्हणून मी खाली उतरलो. मागच्या शिडीनं एसटीच्या टपावर चढून सगळं बघितलं. दोनशे मीटर. निम्मं डांबर, निम्मा मुरूम, वर अनवाणी. आणि पुढं गाठायला एकसुद्धा पोरगी उरलेली नसताना तिनं वेग कमी केला नाही. पंचवीस वर्षं पोरं निवडतोय मी, बाई. असं पळणारं बघितलं नाही.”

“पण सर,” बाई गोंधळून म्हणाल्या, “ती तर शेवटची.”

“असू द्या. घर कुठं तिचं?”

तो प्रश्न त्यांनी विचारला होता बाईंना, पण लठ्ठेसर त्यांचा हात धरून चालायलाही लागले होते.

आठवड्यात वसतिगृहाचं पत्र आलं. पुढं अनसूया राज्याकडून पळाली, रेल्वेत लागली, परदेशात जाऊन आली. ते सगळं नंतरचं. तो आठवडाभर मात्र ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी समोर आले की रस्ता बदलायची. तिनं रस्ता बदलला की तिला गाठणं मला शक्य नव्हतं.

ती निघायच्या दिवशी सकाळी मी गिरणीच्या ओट्यावर दात घासत होते. समोर अनसूया. नवा फ्रॉक, तेल लावून घट्ट वेणी. लांब स्टँडवर तिचे वडील पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेले दिसत होते.

“चल,” ती म्हणाली.

“कुठं?”

“मैदानावर.”

मी चूळ भरली आणि मुकाट्यानं तिच्यामागं गेले. मैदान मोकळं होतं. तिनं पायाच्या अंगठ्यानं मातीत एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर उभी राहिली. माझा दंड धरून मला शेजारी उभं केलं.

“आता पळ.”

“अनशे, तू मला हरवणारच की.”

“मग हरव म्हणत न्हाई मी तुला. पळ म्हणतो. त्या दिवशी पळालीस तसं पळ.”

स्टँडवर एसटीनं हॉर्न दिला. तिचे वडील ट्रंकेवरून भिंत धरून उठायला लागले होते आणि हातानं खुणा करत होते.

“गाडी लागली बघ तुझी,” मी म्हणाले.

तिनं एकदा तिकडं बघितलं. “जाऊ दे. एक, दोन…”

आम्ही पळालो. मी अगदी जिवाच्या आकांतानं पळाले, पोटात कळ येईपर्यंत. ती पहिल्या दहा पावलांतच निघून गेली होती. चपला दिसायचा प्रश्नच नव्हता, तिच्या पायात त्या नव्हत्याच. मी पोचले तेव्हा ती मैदानाच्या टोकाला भिंतीला टेकून बसली होती आणि वेणीची रिबीन पुन्हा बांधूनही झाली होती. मी तिच्याशेजारी आडवी पडले. एसटी धूळ उडवत निघून गेली. आम्ही दोघी तिच्याकडं बघत हसत सुटलो, ते थांबेचना.

कर्णिकबाई किल्ल्या घेऊन लवकर आल्या होत्या. पायरीवरून त्यांनी सगळं पाहिलं असावं. त्या आमच्यापाशी आल्या आणि वाकून माझ्या कपाळावरचा घाम त्यांनी पदरानं पुसला.

“पद्मावती, किती गं मागं राहिलीस! वाईट नाही ना वाटलं?”

मला धाप लागली होती.

“बाई,” मी म्हणाले, “मला हरवायला तिनं गाडी सोडली.”